भुऱ्या तिसऱ्या पायरीवर का थांबतो?

या वेळचं पत्र जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं आहे. थोडं आवरून देतो.

"डॉक्टर, आमच्याकडे भुऱ्या आहे. गावठी, आठ-नऊ वर्षांचा. वडिलांनी त्याला रस्त्यावरून उचलून आणला होता. माघात वडील गेले. रोज संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि भुऱ्या पायाशी. आता महिना झाला, भुऱ्या गच्चीवर जात नाही. तिसऱ्या पायरीपर्यंत चढतो, थांबतो, वर बघतो, परत येतो. प्राण्यांशी अंतर्मनातून बोलायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग आहे, त्याचं पहिलं मोफत सत्र मी केलं. तिथल्या मॅडमनी भुऱ्याचा फोटो बघितला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'हा गेलेल्या माणसाला शोधतोय. वाचवू शकलो नाही म्हणून त्याला अपराधी वाटतंय.' मला रडू आवरेना. पुढच्या वर्गाची फी बारा हजार आहे. आमचे मिस्टर म्हणतात, पैसे जास्त झालेत का? पण मी ऑफिसातून निघाले की भुऱ्याला घरी कळतं, दारात येऊन बसतो. त्याला माझं कळतं, मग मला त्याचं का कळू नये? हे शिकता येतं का?"

ताई, आधी भुऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आठ-नऊ वर्षांचा कुत्रा एकाएकी जिना चढेनासा झाला, तर आमच्या धंद्यात पहिला विचार दुखण्याचा येतो. कंबरेचा खुबा, गुडघा, मणका. आणि आपल्याकडचा नेहमीचा चोर म्हणजे गोचीड ताप. त्यात सांधे धरतात, कुत्रा मलूल होतो, आणि कधीकधी अंगावर एकही गोचीड सापडत नाही, कारण ती रक्त पिऊन कधीच गळून गेलेली असते. रक्त तपासल्यावर पत्ता लागतो. "वर बघतो आणि परत येतो" हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. दुखणारा कुत्रा नेमकं असंच करतो. चढायची इच्छा आहे, दोन पायऱ्या जातोही, मग मागच्या पायांवर भार पडतो आणि तो हिशेब करून माघारी फिरतो.

जाताना जिन्यावरचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात शिरल्यावर घाबरलेला कुत्रा लंगडणं विसरतो. सकाळी उठताना आधी पुढचे पाय टेकतो की मागचे, बसताना एखादा पाय बाहेर काढतो का, हेही टिपा. आणि घरातली माणसांची दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावतात. प्रेमापोटी अर्धी गोळी भाकरीत घालून दिलेली कुत्री मी सलाइनवर बघितली आहेत.

याचा अर्थ भुऱ्याला दुःख नाही असा नाही. माणूस गेल्यावर कुत्री खाणं कमी करतात, नेहमीच्या जागा हुंगत फिरतात, दाराशी बसून राहतात. जपानमधल्या हाचिकोची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. त्याचे मालक प्राध्यापक 1925 साली वारले आणि हा कुत्रा 1935 मध्ये मरेपर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर येत राहिला. निष्ठेचा पुतळाच झाला तो, अक्षरशः. पण त्याचे अवयव जपून ठेवलेले होते. 2011 मध्ये ते पुन्हा तपासले तेव्हा त्याला कॅन्सर होता आणि अंगात फायलेरियाचे जंतही होते, असं दिसलं. त्याने वाटही पाहिली आणि तो आजारीही होता. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. मात्र दुःखाची गोष्ट कानाला इतकी गोड लागते की मग पाय दाबून बघायचं राहून जातं.

आता त्या सत्राकडे वळू.

लहानपणी आमच्या गल्लीत नंदीबैलवाला यायचा. गुबुगुबु वाजायला लागलं की आम्ही पोरं धावत सुटायचो. "पाऊस पडंल का रं देवा?" बैल मान हलवून हो म्हणायचा. "या बाईचा लेक परीक्षेत पास होईल का?" हो. "हा पोरगा खोटं बोलतो का?" त्यालाही हो, आणि सगळे हसायचे. ढोलाच्या ठेक्यावर आणि कासऱ्याच्या बारीक ओढीवर बैल मान डोलवतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळल्यावर उलट बैलाबद्दलचा आदर वाढला. गर्दीत, गोंगाटात, तेवढी एवढीशी खूण टिपायची म्हणजे काय खायचं काम आहे!

हीच गोष्ट बर्लिनमध्ये मोठ्या थाटात घडली. फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त गणित शिक्षकाने हान्स नावाच्या घोड्याला बेरीज-वजाबाकी, तारखा, घड्याळ सगळं शिकवलं, असा त्याचा विश्वास होता. उत्तर जितकं, तितक्या टापा घोडा आपटायचा. 1904 मध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि तिला यात काही लबाडी सापडली नाही. नव्हतीच. म्हातारा खेळ दाखवायचे एक पैसाही घेत नव्हता. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण संशोधकाने नीट चाचण्या घेतल्या आणि 1907 मध्ये छापल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकायचा. घोड्याला माणूस दिसेनासा केला तरी चुकायचा. गणित येत होतं ते माणसाला. टाप सुरू झाली की माणूस जरासा पुढे वाकायचा, बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत किंचित वर उचललं जायचं, आणि घोडा तिथं थांबायचा. गंमत म्हणजे हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःचं डोकं हलायचं थांबवणं जड गेलं.

म्हणजे तिथे अंतर्मनातलं ओळखणारा एकजण होता, आणि तो घोडा होता.

तुमच्या सत्रात काय झालं असेल ते मी बघितलेलं नाही. पण आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याचा फोटो घेऊन कुणी बाई अशा वर्गाला येते, तेव्हा घरात काहीतरी बिनसलेलं असतंच. "गेलेलं माणूस" हा शब्द उच्चारला की तुमचा चेहरा पडद्यावर बदलणारच. त्या मॅडम लबाड असतीलच असं नाही. ओस्टेनसारखा त्यांचाही मनापासून विश्वास असेल. पण त्या सत्रात मान डोलावली ती तुम्ही, ताई. भुऱ्या तर तिथे नव्हताच.

आणि "अपराधी वाटतंय" हे वाक्य मला जरा जास्तच लागलं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी 2009 मध्ये चौदा कुत्र्यांवर साधा प्रयोग केला. मालकाने कुत्र्याला सांगायचं, हा खाऊ खायचा नाही, आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. कुत्र्याचा तो कान पाडलेला, नजर चुकवणारा "चुकलं माझं" चेहरा कधी दिसला? खाल्लं तेव्हा नव्हे. मालक रागावला तेव्हा. खाऊला तोंडही न लावलेली कुत्री ओरडा बसल्यावर तसंच तोंड करत होती. तो चेहरा गुन्ह्याचा नसतो, समोरच्याच्या रागाला दिलेलं उत्तर असतं. वडिलांना वाचवू शकलो नाही हे ओझं भुऱ्याचं नाही. कुणाचं आहे, ते मी पत्रावरून सांगणार नाही, नाहीतर मीही फोटो बघून डोळे मिटणाऱ्यांतला झालो.

एवढं वाचून तुमचे मिस्टर खूश होतील, तर त्यांनाही पुढचं वाचायला द्या. कारण अंतर्मनातून जनावराचं कळतं, यावर माझा विश्वास आहे. एका म्हशीपायी मी तो शिकलो, आणि तेही तोंडघशी पडून.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. अक्कलकोट तालुक्यातलं गाव. एक म्हातारी बाई दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टर, म्हैस आज माझी न्हाई." मी म्हटलं, खाते का? खाते. दूध? जरासं कमी. मी गेलो, ताप घेतला, जवळपास ठीक. नाकपुडी ओली, शेण बरं. मी हसत सांगितलं, "आजी, म्हैस तुमचीच आहे," आणि पाचक पावडरीची पुडी देऊन आलो. तिसऱ्या दिवशी निरोप आला. म्हैस कोपरं बाहेर काढून, पाठ वर करून उभी, उताराला पाय टाकेना, कण्हते. तार खाल्ली होती. जाळीपोटात बोटभर लांब तार रुतलेली निघाली. म्हैस वाचली, माझी मात्र जिरली.

नंतर मी आजीच्या मागेच लागलो. तुम्हाला कसं कळलं? "कळलं की." पुन्हा विचारलं. "आता कसं सांगू तुला?" तिसऱ्या खेपेला चहा पिता पिता म्हणाली, "धार काढाया बसले की ती माझ्या खांद्यावर अंग टाकती. त्या दिवशी टाकलं न्हाई." अकरा वर्षं, दिवसातून दोनदा, त्या खांद्याने म्हशीचा भार झेलला होता. मनाला शब्द सापडायच्या आधी खांद्याला ते कळलं. थर्मामीटरला नाही कळलं, आणि डिग्रीवाल्याला तर मुळीच नाही.

अंतर्ज्ञान म्हणतात ते माझ्या लेखी हे. त्यात आणि फोटोवाल्या संदेशात फरक एवढाच की आजीचं अंतर्ज्ञान म्हशीला चिकटून बसलेलं होतं आणि दर सकाळ-संध्याकाळ तपासलं जात होतं. चुकली तर म्हैस लाथ मारायची. लगेच उत्तर. फोटोतला कुत्रा लाथ मारत नाही.

आपल्या भागात ही विद्या मुबलक होती. बैल पाण्यावर नेला की गडी शीळ घालतो आणि बैल पाण्याला तोंड लावतो, हे तुमच्या वडिलांनी नक्की बघितलं असेल. वासरू असल्यापासून पाणी पिताना तीच शीळ कानावर पडते आणि मग शीळ म्हणजेच पाणी होतं. दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडे कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल सजवताना बघा. शिंगं रंगवून घ्यायला कुणाच्या पुढे मान खाली घालायची हे बैल ठरवतो. घरच्या धन्याकडेही कधीकधी पाठ फिरवतो आणि गड्यापुढे गपगार उभा राहतो. धनी म्हणतो, ह्याला गडीच पाहिजे. का पाहिजे, ते गड्याच्या हातांना विचारावं.

सोलापूरच्या कुत्र्यांचं तर काय सांगावं! पूर्व भागातला कुत्रा तेलुगूत शिव्या खातो, कन्नडमध्ये भाकरी खातो आणि मराठीत "हाड" ऐकतो. मला ही थट्टाच वाटायची. मग 2022 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी अठरा कुत्री मेंदूच्या स्कॅनमध्ये निजवली, त्यांना स्पॅनिश आणि हंगेरियन ऐकवलं, आणि ओळखीची भाषा आणि परकी भाषा त्यांच्या मेंदूत वेगवेगळी उमटते असं दाखवलं.

मग शिकायचं कसं? एक वही घ्या. डाव्या पानावर फक्त दिसलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. "उदास बसला" हे उजवीकडे. "कान मागे, मागचा एक पाय बाहेर, भिंतीला टेकून" हे डावीकडे. पहिले आठ दिवस उजवं पान भरून वाहील आणि डावं कोरं राहील. राहू द्या. हळूहळू डोळा बसतो. कुत्र्याची झोप नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, मान तशीच ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं आणि पांढरं दिसणं, हे सगळं बहुतेक वेळा "मला हे नको वाटतंय" असतं. शेपूट हलते म्हणजे खूश, हे अर्धवट आहे. ताठ, वर, आखूड झटक्यांनी हलणारी शेपूट बघितली तर हात मागे घ्यावा. निवांत झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण दहा ते तीस. तोही रोज मोजा आणि लिहा. घरात गारवा असताना आणि तो पडून असतानाही धापा टाकत असेल, तर ते डाव्या पानावर ठळक अक्षरात.

संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याच्याजवळ जमिनीवर बसा, तोंड त्याच्याकडे न करता जरा आडवं. फोन दुसऱ्या खोलीत. हाक मारू नका, डोळ्यात रोखून बघू नका. आला तर छातीला किंवा मानेला तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. हात उचलल्यावर त्याने नाक लावलं, अंग टेकलं, तर पुढे. उठून गेला, तर त्याचं उत्तर मिळालं. किती साधं आहे हे, पण आपण थांबतच नाही. प्रेमाच्या माणसांना वाटतं, कुरवाळणं कुणाला नको असतं? हाताखालून निसटणारी पाठ मग दिसतच नाही.

हा प्रयोग फक्त भुऱ्यावर. होटगी रोडवरच्या अनोळखी कुत्र्यांशी मन जुळवायला जाऊ नका. चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची.

आणखी एक, हान्स घोड्यापासून घेतलेलं. तिसऱ्या पायरीपाशी भुऱ्या पोचतो तेव्हा तुम्ही कुठे असता? माझा अंदाज, जिन्याच्या खाली, श्वास रोखून, आज चढतो का बघत. तो तुम्हाला वाचतोय, ताई. माघापासून त्या जिन्याशी तुमचे खांदे कसे होतात हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून फोन जिन्यासमोर उभा करा, रेकॉर्डिंग लावा आणि घरातले सगळे अर्धा तास बाहेर जा. कुणी बघत नसताना तो सरळ वर गेला, तर पायापेक्षा तुमच्या चेहऱ्याचा विचार करू. एकटा असतानाही तिसऱ्याच पायरीवर थांबला, तर डॉक्टरांना तीच चित्रफीत दाखवा.

तुम्ही निघालात की त्याला कळतं, त्याबद्दल. इंग्लंडमध्ये जेटी नावाच्या कुत्र्याबद्दल अगदी हेच म्हटलं जायचं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार चाचण्या घेतल्या आणि 1998 मध्ये छापल्या. मालकीणबाई वाटेल त्या वेळी निघायच्या, आणि कुत्रा मधल्या वेळातही बऱ्याचदा खिडकीशी जायचा. बाई निघाल्याची वेळ नेमकी जुळली नाही. कुत्र्याला कळतं असं मानणारे संशोधक रुपर्ट शेल्ड्रेक यांना ते पटलं नाही, वाद अजून चालू आहे. मला वाटतं, तुमच्या घरी सहा वाजता कुकर लागतो, मिस्टर घड्याळाकडे बघतात, कोपऱ्यावर तुमच्या गाडीचा ओळखीचा आवाज येतो. एक दिवस दुपारी तीनला, रिक्षाने या. घरात कुणाला सांगू नका. आणि आधीच लिहून ठेवा, भुऱ्या दारात असेल की नसेल.

बारा हजारांचं म्हणाल, तर मी आत्ता देणार नाही. रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर खुब्याचा एक्स-रे आधी. तरीही त्या मॅडमकडे जावंसं वाटलं, तर एक करा. मिस्टरांना सांगा, तुम्ही ऑफिसात असताना भुऱ्याच्या ताटलीत दूध-भाकरी, अंडं किंवा भात यातलं चिठ्ठी टाकून जे निघेल ते द्या, आणि तुम्हाला सांगू नका. संध्याकाळी मॅडमना विचारा, आज भुऱ्याने काय खाल्लं ते त्यालाच विचारून सांगा. आठ-दहा दिवस सलग. तीनातलं एक नुसत्या अंदाजानेही सरासरी तीन दिवसांतून एकदा बरोबर येतं, तेव्हा एकदा जुळलं म्हणून फी भरू नका.

तोवर वडिलांची खुर्ची गच्चीवरून खाली आणा. जिन्याच्या पायथ्याशी, संध्याकाळी ऊन सरतं त्या बाजूला ठेवा. तिच्यावर तुम्ही बसा किंवा कुणीच बसू नका, भुऱ्याला चढायला लागू नये म्हणजे झालं. तो पायाशी आला तर कोणत्या कुशीवर लवंडतो आणि कोणता पाय वर ठेवतो ते बघा. डॉक्टरांनी हात लावायच्या आधी डाव्या पानावर लिहा, दुखतोय तो कोणता पाय. मग त्यांना विचारा, आणि तुमचं जुळलं की चुकलं, ते मला कळवा.